मोटारींचा आणि माझ्या कानांचा मधू

मधू, तुझ्याबद्दल लोक जे सांगून जाताहेत त्यातलं निम्मं मला ऐकू येतं, आणि जे ऐकू येतं त्यातलं निम्मं पटत नाही.

परवा तुझ्या जुन्या कारखान्यातले दोघे आले होते. त्यातले उंच होते ते म्हणाले, "मधुकर म्हणजे फार बोलका माणूस. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलाशी बसायला जागा मिळायची नाही." ते फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच समोरच्या काकू आल्या. तुझ्या शैलाचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "किती अबोल होते हो भाऊ. इतकी वर्षं समोर राहतो, पण आवाज कसा तो ठाऊक नाही." शैलाने त्यांनाही मान डोलावली आणि यांनाही. मी आतल्या खोलीच्या दारात उभी होते. पुढे होऊन विचारावंसं वाटलं की यातला खरा कोणता. पण विचारणार कुणाला? थोरली बहीण मी. जवळजवळ सगळा जन्म तुझ्याच छपराखाली काढला. सांगायचं तर मीच सांगायला हवं होतं, आणि मला सांगता येत नाहीये.

माझे कान आपल्या नांदगावच्या घरीच गेले. लहानपणी वाहायचे, आई गरम तेल घालायची, आणि हळूहळू सगळ्यांचे आवाज भिंतीपलीकडे गेले. शाळा सुटली, शिवण आलं. बघायला आलेली माणसं चहा पिऊन जात आणि मग निरोप येत नसे. घरात सगळे माझ्याशी मोठ्याने बोलायचे. तू एकटा समोर येऊन, तोंड माझ्याकडे करून, हळू बोलायचास. ओरडल्याने ऐकू येत नाही, ओठ दिसले की कळतं, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. तू इंजिनियर झालास, सातपूरला विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी करणाऱ्या कारखान्यात लागलास, इंदिरानगरात घर बांधलंस आणि वरची खोली मला दिलीस. "अक्का, वर उजेड चांगला आहे, शिवणक्लास काढ," एवढंच म्हणालास. मला आधार देतोयस असं जराही जाणवू दिलं नाहीस. की तुला खरंच उजेडाचंच पडलं होतं? हल्ली मला अशा साध्या गोष्टींचाही उलगडा होत नाही.

कारखान्यात तुझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला समजलं माझ्या शिलाई मशीनमुळे. एका रविवारी तू वर आलास, माझ्या मशीनमधलं बॉबिन काढलंस आणि म्हणालास, "हे बघ अक्का. या बॉबिनवर दोरा गुंडाळलाय ना, तशी मोटारीत तांब्याची तार गुंडाळलेली असते. वेढे ठरलेले. पण खेड्यात वीज कधी पुऱ्या दाबाने येते, कधी अर्ध्या. कमी दाबाची आली की मोटार नुसती घुमते, तापते आणि जळते."

"मग?"

"मग मी मधल्याच एका वेढ्यापाशी तारेचं एक टोक बाहेर काढतो. वीज कमी असली की कमी वेढ्यांवर चालवायची, पुरी आली की पुऱ्या वेढ्यांवर. बास."

मला ते इतकं सोपं वाटलं की मी विचारलं, "हे आधी कुणाला सुचलं नाही?" तू हसलास. कारखान्यातल्या साहेबांनाही ते सोपंच वाटलं असावं. पुढच्या वर्षी बघू म्हणाले, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच म्हणाले. मग तू नोकरी सोडलीस, अंबडला पत्र्याची शेड घेतलीस आणि मोटार वाइंडिंगचं काम सुरू केलंस. शैला तेव्हा स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून बोलत होती. पाठमोरं बोललेलं मला कधीच कळत नाही. पण तिचे खांदे मला दिसत होते.

तुझी ती मोटार पहिली नेली कळवणच्या देवराम आप्पांनी. महिन्याच्या आत जीपमध्ये घालून परत आणली, काळीठिक्कर. मी शेडवर डबा घेऊन आले होते म्हणून ते सगळं माझ्यासमोर झालं. आप्पा टोपी काढून घाम पुसत म्हणाले, "भाऊ, तुमची अक्कल लय भारी हाय. पण आमच्या लायटीला ते ठाऊक नाय ना. मी जेवाया घरी गेलो आन् तिकडं लाइट येकदम पुरी आली." म्हणजे मोटार कमी वेढ्यांवर होती आणि वर पुरी वीज आदळली. तू त्यांना रागावला नाहीस, स्वतःवरही नाही. जळक्या वाइंडिंगला नाक लावून वास घेत राहिलास. मग पुढचे कितीतरी आठवडे खटपट करून असा खटका बसवलास की वीज बघून तो आपोआप बदलेल, माणूस जेवायला गेला तरी चालेल. आप्पांनी तीच मोटार परत नेली. त्यांची वांगी त्या उन्हाळ्यात वाचली, हे ते अजून सांगतात. तुझा शोध म्हणून मी धरून चालते तो हा पहिला.

दुसरा निघाला तो माझ्या वेंधळेपणातून.

तोवर माझं कानाचं मशीन म्हणजे छातीशी अडकवायची डबी आणि कानापर्यंत गेलेली वायर. पदराखाली लपवायची, आणि पदर घासला की कानात नुसता खरखराट. मग कानामागे बसणारं नवं मशीन घेतलं. त्याला एक बारीकसं बटण होतं, टेलिफोनवर बोलताना सरकवायचं. एकदा तुझ्या शेडमध्ये केस सारखे करताना ते चुकून सरकलं आणि जग एकदम बंद झालं. पत्रा नाही, हातोडी नाही, रस्त्यावरचे ट्रक नाहीत. सेल गेला वाटून मी मशीन काढणार, एवढ्यात एक आवाज आला. मोठ्या भांड्याच्या तळातून आल्यासारखा, घुमणारा. मी टेबलाकडे सरकले तसा तो वाढला. टेबलावर तुझी एक मोटार चालू होती. तिच्याशेजारी दुसरी होती, तिचा आवाज निराळा, मधेच फाटल्यासारखा.

मी म्हणाले, "मधू, हिच्या पोटात काहीतरी बिघडलंय."

"कुणी सांगितलं?"

"तिनेच."

तू मोटार खोललीस. आत दोन वेढे एकमेकांना चिकटून उघडे पडले होते. तू माझ्याकडे बघितलंस, मग मशीनकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तारेतून वीज गेली की भोवती चुंबकाचा जोर तयार होतो, तो बटण सरकवलेल्या मशीनला ऐकू येतो, हे तू नंतर समजावून सांगितलंस. त्या वेळी मात्र तू एवढंच म्हणालास, "म्हणजे तांबं तुझ्याशी बोलतंय. मग आपण त्याला नीट बोलायला शिकवू."

ते दिवस मला सगळ्यात स्वच्छ आठवतात. तू बैठकीच्या खोलीत भिंतीच्या कडेने, जमिनीलगत वाइंडिंगची तार फिरवलीस. टीव्हीचा आवाज त्या तारेत सोडलास. मी बटण सरकवून सोफ्यावर बसले आणि बातम्या वाचणारी बाई माझ्या डोक्यात बोलायला लागली. पंख्याची घरघर नाही, कुकर नाही, भांडी नाहीत, फक्त ती. मला कळेचना की ती बाहेर आहे की आत. पण तू त्यावर थांबला नाहीस. "खोलीत ऐकू येतं, मग दारात का नाही? मंडईत का नाही?" तू तार गळ्यात घालायचं ठरवलंस. बारीक तारेचे वेढे, कमरेला पट्ट्यात खोचलेली छोटी डबी, आणि समोरच्याच्या हातात एक लहानसा माइक. तार कातडीला टोचायची, घामाने काळी पडायची. मग मी अस्तराच्या सुती कापडाची नळी शिवली, तिच्यात तार घातली, टोकं काजाखाली लपवली. गळपट्टा तयार झाला. साडीवर माळेसारखा दिसायचा. तू तार दिलीस, मी कापड दिलं. तो कुणाचा शोध यावर आपण कधी बोललो नाही, आणि आता बोलायचं तर मी एकटी उरले.

तू लांब वायर जोडलेला माइक घेऊन मागच्या अंगणात गेलास. मी जिन्यात उभी. तुला काय बोलावं सुचेना, म्हणून हातातल्या मोटारीवरची पाटी वाचायला लागलास. इतका हॉर्सपॉवर, इतके फेरे, इतके व्होल्ट. मला सगळं ऐकू आलं. तुझा खरा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, मधू. थोडा घोगरा, बाबांसारखा. मी पायरीवर बसून रडायला लागले. तू आत आलास आणि म्हणालास, "रडतेस काय? ऐकू आलं की नाही ते सांग."

नंतर आपण पुष्कळांना गळपट्टे करून दिले. आप्पांच्या म्हाताऱ्या आईला दिला. ती विहिरीवरच्या स्टार्टरजवळ गेली की तिच्या कानात मोटार घुमायची आणि ती शिव्या द्यायची. तू ते ऐकून पोट धरून हसलास. शैला म्हणते तू असा हसायचास हे तिला आठवतच नाही. मी काय खोटं सांगतेय?

मग तुला कुणीतरी म्हणालं, याचं पेटंट घ्या. तू मुंबईला जाऊन चौकशी करून आलास. परदेशात असले गळ्यातले वेढे कधीच निघालेले होते. तू जेवताना हे सहज सांगितलंस, आमटी मागून घेतलीस आणि हात धुवायला उठलास. मला वाटलं तुला वाईट वाटलं नाही. आता वाटतं, त्या दिवशीच तुझ्यात काहीतरी विझलं असेल. ज्याला आधी कुणी केलंय हे ठाऊकच नाही, त्याने पुन्हा शोधून काढलं तर त्याला शोध म्हणत नाहीत का? हे मी तुला विचारायला हवं होतं. पण तेव्हा मला एवढं सुचलं नाही.

पुढे तुझी रेवती शिकून पुण्यात नोकरीला लागली आणि तिने माझ्यासाठी नवं मशीन आणलं. डिजिटल. कानाच्या आत बसणारं, शेंगदाण्याएवढं. ती म्हणाली, "आत्या, आता गळ्यात काही नको, हातात काही नको." खरंच नको होतं. मला पावलांचा आवाज ऐकू आला, भाजी फोडणीला टाकलेली ऐकू आली, क्लासमधल्या मुली माझ्या पाठीमागे काय बोलतात तेही ऐकू आलं, ते ऐकू आलं नसतं तर बरं होतं. फक्त त्या इवल्या मशीनमध्ये ते सरकवायचं बटण नव्हतं. म्हणजे तुझी तार आणि तुझा गळपट्टा माझ्यासाठी मुके झाले. तू मशीन हातात घेऊन उजेडात धरलंस, उलटसुलट केलंस. "छान आहे," म्हणालास.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी खाली आले तर बैठकीतली तार गेलेली. भिंतीच्या कडेला पांढरी लांबी भरलेली, अजून ओली.

"तार काढलीस?"

"गरज नाही ना आता."

"मला विचारायचंस तरी."

"तू मला विचारलं होतंस? मशीन घेताना?"

मी म्हणाले, मशीन रेवतीने आणलं. तू म्हणालास, "हो, तेच." यातलं 'तेच' म्हणजे काय, मी इतकी वर्षं उलगडत बसले आहे. तू रागावला होतास का? की भिंत रंगवायची होती म्हणून तार काढलीस? कारण पुढच्या आठवड्यात रंगारी आला होता, हेही खरं आहे.

ते भांडण तिथेच राहिलं. आणि मग मला जे कळलं ते असं, की तू बोलत नाहीस. आधी मला वाटायचं तू बोलतोस आणि मला ऐकू येत नाही. आता लख्ख ऐकू येत होतं आणि तुझ्याकडून काहीच येत नव्हतं. मी जिन्यातून हाक मारायचे, "मधू, चहा घेतोस का?" तू पेपरातून मान वर करायचा नाहीस. मी म्हणायचे, "त्या तारेचं मनाला लावून घेऊ नकोस." तू खिडकीबाहेर बघत बसायचास. दिवाळीत मी तुझ्या मागे उभी राहून म्हणाले, "एक गळपट्टा अजून जपून ठेवलाय मी, कपाटात." तू वळलाही नाहीस. मी वर निघून आले. मलाही राग येतो, मधू. मीही मग हाका मारणं कमी केलं. तू शेडवरून यायचास, जेवायचास, झोपायचास. मी वर टाके घालायचे. दोन मजल्यांमध्ये एक जिना होता, आणि तो चढायची ना तुला गरज वाटत होती ना मला.

काल तेरावं झालं. माणसं पांगल्यावर शैला पाटावर बसून भांडी पुसत होती. मी तिच्यासमोर बसले. ती म्हणाली, "ताई, एक सांगू? त्यांना ऐकायला कमी येत होतं. चार-पाच वर्षं झाली असतील. शेडमधल्या आवाजाने गेले कान. डॉक्टर म्हणाले मशीन लावा. नको म्हणाले."

मी म्हणाले, "मला का नाही सांगितलं?"

"सांगू दिलं नाही. तुम्हालाच तर मुळीच नाही."

"का?"

"मी विचारलं होतं. म्हणाले, राहू दे."

बास, एवढंच. शैलाला याहून जास्त माहीत नाही. मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं, ती रडायला लागली तेव्हा थांबले. मधू, अरे, ज्या घरात मी होते त्या घरात तुला कमी ऐकू येण्याची लाज वाटली? की मला वाईट वाटेल म्हणून? की इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कानांची कामं करणाऱ्याने स्वतः मशीन लावायचं म्हणजे हार, असं काही तुझ्या डोक्यात होतं? मी प्रत्येकाचं उत्तर तुझ्या आवाजात मनात म्हणून बघते. सगळीच उत्तरं तुला शोभतात. एकही नक्की वाटत नाही.

आज सकाळी देवराम आप्पा आले. काल त्यांना एसटी मिळाली नाही. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाऊ आमच्याकडं आले की लय बोलायचे. इहिरीवर बसायचे, मोटारीवर हात ठेवून. मी म्हनायचो, भाऊ, कान लावा की, हात काय लावता? तर म्हनायचे, आप्पा, आता हातालाच ऐकू येतं."

"आणखी काय बोलायचे?"

"तुमचंच की, अक्का. तुम्हाला पाखरं ऐकू यायला लागली म्हनून सांगत व्हते. येकदा नाय, लयदा."

मी आत निघून आले. तू खूश होतास का, मधू? मग ते कळवणला का सांगितलंस? मी वरच्या मजल्यावर होते.

मी ती सगळी वर्षं परत मांडून बघते आहे आणि ती जुळत नाहीत. पेपरातून मान वर केली नाहीस तो रुसवा होता की तुला माझी हाक आलीच नाही? खिडकीबाहेर बघत होतास तेव्हा मला टाळत होतास, की माझे ओठ तुला दिसत नव्हते एवढंच? दिवाळीत मी तुझ्या पाठीशी उभं राहून बोलले. पाठीमागून. मी, जिला पाठमोरं बोललेलं कधी कळलं नाही. कदाचित तू तारेचा राग कधीच विसरला होतास आणि मी एकटीच भांडत होते. कदाचित तुलाही असंच वाटत असेल, की अक्काने हाका मारणं सोडलं, रागावली. कुठलं वर्ष रागाचं होतं आणि कुठलं बहिरेपणाचं, हे आता सांगायला कुणी नाही.

दवाखान्यात मला तुला शेवटचं भेटायला सोडलं ती दुपारची वेळ होती. शैला औषधं आणायला खाली गेली होती. तोंडावर प्लास्टिकचा मास्क, तो श्वासाने धूसर व्हायचा, निवळायचा. मी स्टूल ओढून समोर बसले आणि जे इतके दिवस साचलं होतं ते बोलत सुटले. तारेचं, मशीनचं, पेटंटचं, नांदगावचं. तू माझ्याकडे बघत होतास, पण डोळ्यांत नाही, थोडं खाली. मला वाटलं, डोळ्याला डोळा भिडवत नाहीये. आज लक्षात येतंय की तू माझ्या ओठांकडे बघत होतास. ती नजर मला कळायला हवी होती. सगळा जन्म मी त्याच नजरेने माणसांकडे बघत आले आहे.

मी थांबल्यावर तू काहीतरी बोललास. मास्कमुळे आवाज माझ्या मशीनपर्यंत आला नाही. ओठ मिटले, उघडले, एवढं दिसलं. तू 'मग' म्हणाला असशील किंवा 'बघ'. दोन्हींना ओठ सारखेच हलतात, नुसतं बघून सांगता येत नाही. 'मग' असेल तर तू पुढचं ऐकायला थांबला होतास. 'बघ' असेल तर मला काहीतरी दाखवत होतास, किंवा सोपवत होतास. मी "काय म्हणालास?" असं विचारलं नाही. तुला पुन्हा बोलायचा त्रास नको, म्हणून जवळ वाकून, तोंड तुझ्यासमोर धरून, मी "हो" म्हणाले.

ते तुला ऐकू आलं की दिसलं, मला ठाऊक नाही. तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस.